काठमांडूत निम्म्या भावाची खोली

काठमांडूहून आल्यापासून शाळेत मला दोनच प्रश्न विचारतात. हिमालय कसा दिसतो, आणि तिथला तो जुगाराचा वाडा आतून कसा आहे. मी सोलापुरात भूगोल शिकवतो, म्हणून पहिल्याचं उत्तर देणं भाग आहे. हिमालय दिसत नाही. आम्हाला ढग दिसले, आणि हॉटेलवाल्यानं त्या ढगांचेही पैसे लावले. दुसऱ्या प्रश्नाला मी आजवर खोकला काढून वेळ मारून नेली. पण परवा स्टाफरूममध्ये माझ्याच प्रवासाची हकिगत मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली, आणि तीत मी माझं घड्याळ हरून आलो होतो. तेव्हा म्हटलं, खरं काय ते लिहूनच टाकावं. विनंती एकच. भवानी पेठेत हे कुणी मोठ्यानं वाचू नये. माझी बहीण तिथं राहते. ती वाचत नाही, पण ऐकते फार.

निघताना

गेलो आम्ही तिघं. मी, माझी थोरली बहीण अक्का आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी. दाजींचे भवानी पेठेत चादरींचे चार माग आहेत. माणूस लाखातला, फक्त भाव केल्याशिवाय त्यांना कुठलीही वस्तू घेता येत नाही. पोस्टात पाकीट घेतानासुद्धा त्यांनी "काय कमीजास्त?" म्हणून विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. दुसरी खोड पत्त्यांची होती. एका दिवाळीत ते तीन पानी खेळायला बसले आणि अक्काच्या पाटल्या घालवूनच उठले. तेव्हा अक्का तडक केमला माहेरी, आमच्या घरी निघून आली होती. दाजींनी सिद्धेश्वराच्या देवळात शपथ घेतली तेव्हा कुठं ती परत गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. शपथ मोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं, पण पाळल्याचंही कुणी मानत नव्हतं.

पशुपतिनाथाचं दर्शन हा अक्काचा जुना नवस. तिला महाशिवरात्रीलाच जायचं होतं. दाजी म्हणाले, शिवरात्र उरकू दे, गर्दी पांगली की भाव उतरतात. तिकिटं काढून झाली आणि मग शेजारणीनं अक्काच्या कानात घातलं, की काठमांडूत म्हणे राजरोस जुगार चालतो, दिवे लावून. अक्कानं बेत काही रद्द केला नाही. तिनं भरलेलं सामान सगळं बाहेर काढलं आणि स्वतःची ट्रंक वेगळी भरली.

"येताना गाडी केमवरनंच येती," ती दाजींना म्हणाली. "तितं जुगार खेळलात तर मी माजी ट्रंक घेऊन केमला उतरणार. पुन्यांदा सोलापूरला येणार न्हाय."

दाजींचा चेहरा उतरला. मला मास्तरकीची सवय, मी विचारलं की जुगार म्हणजे नक्की काय धरायचं? अक्कानं थोडा विचार केला आणि व्याख्या सांगितली. स्वतःचं काय बी डावावर घातलं की जुगार. आणि ही अट घरातल्या सगळ्यांना, मलासुद्धा. दाजी नुसतं "व्हय" म्हणाले आणि गाठोडं बांधायला लागले.

चेकपोस्ट

रक्सौलपर्यंतची आगगाडी मी सांगत बसत नाही. बसून बसून बूड दुखतं, एवढंच त्यात आहे. रक्सौलला टांग्यानं सरहद्द ओलांडली आणि डोंगरातली बस धरली. रस्ता असा वळणावळणाचा, की वर्गात नकाशावर मी जी रेघ सरळ काढायचो तिची मला लाज वाटायला लागली.

चेकपोस्टवर एका शिपायानं आमचा फराळाचा डबा उघडला. वरती कडक भाकरी, खाली शेंगांची चटणी. लालभडक पूड बघून त्याला संशय आला. काय आहे, म्हणाला. दाजी म्हणाले, खाऊन बघा. त्यानं चिमूटभर घेतली असती तर ठीक होतं, त्यानं बोटं भरून घेतली. अक्काच्या हातची चटणी सोलापुरातसुद्धा लोक जपून खातात. बिचाऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं हातानंच खूण करून सगळी बस सोडून दिली, पुढचं एकही गाठोडं तपासलं नाही.

हिमालय साईड

आता हॉटेलचं सांगतो. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा आणि भजी, झोपायचं असेल तर लॉज. काठमांडूत हॉटेलातच झोपतात. हे ठाऊक नसल्यानं दाजी पहिल्या हॉटेलात गेले ते टेबल धरून बसले आणि तीन चहा सांगितले. चहा झाला तरी मॅनेजर वहीच पुढं करीत होता. शेवटी त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मैं श्रेष्ठ."

दाजी माझ्याकडे वळले. "असतील. पर आपल्याच तोंडानं कोण सांगतं का असं?"

श्रेष्ठ हे त्याचं आडनाव होतं, तिकडं ते सर्रास असतं. ते कळेपर्यंत त्यानं दुसरा बाँब टाकला. खोलीचा दर सांगून विचारलं, "आयसी, कि एनसी?" दाजी उठूनच उभे राहिले. आमच्याकडे एनसी म्हणजे पोलीस चौकीत नोंदवतात ती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची मारामारी झाली की. "आमी आत्ता तर आलोय," दाजी म्हणाले. "आमच्यावर एनसी कशापायी?" मग उलगडा झाला. आयसी म्हणजे आपला रुपया आणि एनसी म्हणजे त्यांचा. आपला जड, त्यांचा हलका. भिंतीवर नुसते 'रु.' लिहायचे आणि कुठले ते पैसे घेताना सांगायचं, अशी तिथली रीत.

भिंतीवरचा तो दर आजवर कुणीही दिलेला नाही, हे श्रेष्ठांनीच आम्हाला पुढं सांगितलं. विमानानं येणाऱ्याला एक दर, बसनं येणाऱ्याला दुसरा. गरम पाण्याचे वेगळे, रजईचे वेगळे, आणि खिडकी उत्तरेला असली तर 'हिमालय साईड' म्हणून आणखी वेगळे. हे ऐकताना दाजी असे खुलले, की मला वाटलं याच देवाच्या दर्शनाला ते आलेत. त्यांनी बाह्या सारल्या आणि एकेक कलम घेतलं. गरम पाणी नको, आम्ही थंड पाण्यानं आंघोळ करतो. (करत नाही. मला तर गार पाण्याचा शब्द ऐकूनच शिंक आली.) रजई नको, म्हणून त्यांनी गाठोडं सोडलं आणि आमच्या मागावरच्या तीन चादरी काउंटरवर टाकल्या, मोर काढलेल्या. अंथरूण-पांघरूण आमचं, तेव्हा तेवढे वजा करा. आणि हिमालय? तो दाखवा आधी.

श्रेष्ठांनी आम्हाला वर नेऊन खिडकी उघडली. बाहेर पांढरं धुकं. "सकाळी दिसतो," ते म्हणाले. दाजी म्हणाले, मग दिसला की त्या दिवसाचे द्यायचे, न दिसला की न्हाय. यावर इतका वेळ वाद झाला की मी आणि अक्का पलंगावर झोपून गेलो. उठलो तेव्हा दोघं जमिनीवर मांडी घालून कडक भाकरी खात होते, आणि खोली ठरली होती.

एवढं पडतं घ्यायचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून आम्हीच होतो. पूर्वी म्हणे गोरी पोरं-पोरी जिन्यातसुद्धा झोपायची, गिटार वाजवायची, पैसे द्यायची. सरकारनं गांजाची दुकानं बंद केली, तशी ती पांगली. मग तेलाचे भाव भडकले आणि विमानं रिकामी यायला लागली. वरचे मजले कुलूपबंद. स्वयंपाकीच दारावर सलाम करायचा, आणि सलाम करून मागच्या दारानं पळत जाऊन वरण ढवळायचा. जेवणघरात रोज सगळ्या टेबलांवर ताटं मांडायची, आणि दिवेलागणीला श्रेष्ठ स्वतः रिकाम्या खोल्यांतून हिंडून दिवे लावायचे, रस्त्यावरनं हॉटेल भरलेलं दिसावं म्हणून. आणि त्या दिव्यांचा आकार आमच्या बिलात. दाजींनी तो काढायला लावला, पण जरा हळू आवाजात.

पशुपती

दर्शन फार चांगलं झालं. गाभाऱ्यापाशी अक्का रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तिथले पुजारी दक्षिणेकडचे असतात हे मला भूगोलात कुणी शिकवलं नव्हतं. एक भटजी सहकाऱ्याशी पुटपुटले ते कन्नडमध्ये. दाजींचं मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यांचे कान टवकारले. त्यांनी पुढं होऊन "ऊटा आयतेन्री?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारलं. भटजी इतके हरखले, की अभिषेक राहिला बाजूला आणि दोघं ज्वारीच्या भाकरीवर बोलत उभे. तेवढ्या ओळखीवर दाजी अभिषेकाचा दर उतरवायला निघाले होते. अक्कानं त्यांना कोपरखळी मारली तशी गप्प झाले.

शिक्का

तिसऱ्या दिवशी श्रेष्ठ हात चोळत आले. म्हणाले, ठरलेल्या भावात माझं भागत नाही, पण तुमचा भाव अजून निम्मा करता येईल. दाजींच्या हातातला चहाचा कप थांबला. व्यवस्था अशी होती. जुगाराचा तो वाडा संध्याकाळी स्वतःची बस पाठवतो. बस फुकट, जेवण फुकट, खेळायला थोडी कुपनंही फुकट. पाहुण्यानं हॉटेलच्या कार्डावर तिथला शिक्का आणून दाखवला, की तो वाडाच हॉटेलला काहीबाही देतो. मग निम्म्या भावाची खोली श्रेष्ठांना परवडते.

दाजींची जी तगमग झाली ती मी बघितली. एका बाजूला निम्मा भाव. असा भाव आयुष्यात पुन्हा मिळायचा नाही. दुसऱ्या बाजूला केम. त्यांनी अक्काकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नगं. पुरा भाव देतो." दाजींच्या तोंडून हे शब्द मी तरी पहिल्यांदाच ऐकले.

अक्का विरघळली. त्यात काटकसर तिच्याही रक्तात आहे. तिनं निवाडा दिला. फुकटचं कूपन काही स्वतःचं नसतं, तेव्हा तो जुगार धरायचा नाही. बाळूनं, म्हणजे मी, आत जायचं, कुपनं घालवायची, शिक्का घ्यायचा. मला कुणी फसवू नये म्हणून ती बरोबर येणार. दाजींनी बाहेर बसायचं.

दाजी खरंच बाहेर बसले, पायरीवर, चादर पांघरून. आत मी पाऊल टाकलं आणि डोळेच दिपले. गालिचा असा, की चप्पल काढावी की ठेवावी कळेना. एका लांब टेबलावर हिरवं कापड, त्यावर छत्तीसपर्यंत आकडे, शेजारी एक चाक. चाकात पांढरी गोळी सोडतात, ती ज्या आकड्याच्या खोबणीत बसेल त्या आकड्यावाल्याचं भलं. माझी कुपनं मला चप्पल काढायलाही वेळ मिळाला नाही इतक्या झटकन गेली. शिक्का मिळाला. जेवायला गेलो तर अक्काच्या लक्षात आलं, आज एकादशी. पुऱ्या, पुलाव, सगळं समोर, आणि हिच्या ताटात एक केळं. ती म्हणाली, तू ह्यांना पुऱ्या नेऊन दे, मी जरा ते चाक बघते, जत्रंतल्या सोरटीवानी दिसतंय.

मी बाहेर जाऊन दाजींच्या शेजारी बसलो. थंडी मरणाची, दोघांनी एकच चादर गुंडाळून घेतली. पुऱ्या खाऊन दाजींनी दोन्ही हात काखेत घातले ते पुन्हा काढलेच नाहीत. पलीकडे ड्रायव्हर लोक शेकोटीशी पत्ते कुटत होते. दाजी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. मी म्हटलं, शेकायला तरी जाऊ. ते नको म्हणाले.

बस सुटायची वेळ झाली तरी अक्का येईना, म्हणून आम्ही आत गेलो. हिरव्या टेबलाभोवती ही गर्दी. मधोमध अक्का, पदर खोचून. मधल्या वेळात काय झालं ते मला तिथल्या एका हिंदी बोलणाऱ्या बाईनं सांगितलं. एकादशी म्हणून अक्कानं तिच्या वाट्याचं फुकट कूपन अकरावर ठेवलं होतं, आणि गोळी अकरावर बसली. मग मिळालेलं सगळं तिनं पुन्हा अकरावर ठेवलं आणि ते गेलं. मग बटव्यातली चिल्लर ठेवली, तीही गेली. मग तिनं अंगावरची चादर काढली आणि अकरावर ठेवली.

आता सोलापुरी चादर. घडी घातली तरी ती अकरावर मावेना, ती आठपासून सतरापर्यंत गेली. टेबलावरचा माणूस ती उचलायला सांगत होता. अक्काला वाटलं घडी नको म्हणतोय, म्हणून तिनं ती उलगडून नीट अंथरली. सगळे छत्तीस आकडे मोरांखाली. तेवढ्यात चाकातली गोळी थांबली.

"कुटलाबी आकडा असू द्या," अक्का त्याला सांगत होती. "माज्या चादरीखालीच हाय की."

त्या माणसाला मराठी कळत नव्हतं आणि अक्काला दुसरं काही बोलता येत नव्हतं. एक गोरी म्हातारी टाळ्या वाजवत होती. शेवटी कोट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी चादरीची सुरेख घडी घालून अक्काच्या हातात दिली, नमस्कार केला आणि आम्हाला बसपर्यंत पोचवलं. टेबलापासून वळली तेव्हाच अक्काला दारात दाजी दिसले होते. दाजींनी तिच्याकडे बघितलं, आणि बाजूला होऊन तिला वाट दिली.

परतीची गाडी

निम्म्या भावाचं बिल दाजींनी हिशोब न तपासता दिलं. निघताना श्रेष्ठ अक्काच्या चादरीवरनं हात फिरवत होते. किंमत विचारायचा धीर त्यांना होत नव्हता. दाजींनी ती त्यांना तशीच देऊन टाकली. त्यांनी आम्हाला दारापर्यंत येऊन निरोप दिला आणि परत आत दिवे लावायला गेले.

परतीच्या वाटेवर दाजी अक्काशी नेहमीसारखं बोलत होते. पाणी पाहिजे का, खिडकी लावू का. त्या चाकाबद्दल अवाक्षर नाही. अक्कानं दोनदा त्यांना म्हटलं, एकदा बोलून टाका. ते म्हणाले, "कशाबद्दल?" हे तिला फार लागलं. भांडली असती तर बरं, पण ती बाकाखालच्या ट्रंकेकडे बघत बसली. एवढी गप्प अक्का मी जन्मात पाहिली नाही.

दौंड मागं पडलं. जेऊर आलं तशी तिनं बाकाखालची ट्रंक ओढली. मी समजूत घालायला लागलो, अगं चिल्लर गेली, चादर तर परत मिळाली होती.

"स्वतःचं घातलं की जुगार," ती म्हणाली. "मीच बोलले हुते न्हवं? इतकी वर्सं ह्यांना पाटल्यांवरनं टोचलं. ह्यांनी शबूद पाळला आन् मी मोडला. आता कुटल्या तोंडानं त्या घरात जाऊ?"

तिला खरंच उतरायचं होतं. आणि एकदा उतरली की ती सहजासहजी परत यायची नाही, हे मला आणि दाजींना, दोघांनाही माहीत होतं. केमचं स्टेशन आलं. मी नाइलाजानं ट्रंक दारापर्यंत नेली. अक्कानं एक पाय पायरीवर ठेवला.

"मी बी खेळलो," दाजी म्हणाले.

अक्का वळली. "कवा?"

"तू आत हुतीस तवा. बाहीर ड्रायव्हर बसले हुते. तीन पानी."

"जितलात?"

"न्हाय. हरलो."

यावर तिचा लगेच विश्वास बसला. तरीही तिनं माझ्याकडे बघितलं. "बाळू, तू हुतास न्हवं संगं?"

मी होतो. एका चादरीत होतो. काखेत हात घालून, शेकोटीकडे पाठ करून बसलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिला होता. दाजी माझ्याकडे बघत होते, आणि गार्डानं शिट्टी वाजवली.

"होय," मी म्हटलं. "खेळले. मी गप्प बसलो."

"ट्रंक आत घे," अक्का म्हणाली, आणि पायरीवरचा पाय उचलून आत आली. "ह्यांना एकट्याला सोडलं तर चारी माग घालवून बसतील."

मग जी सुरू झाली. पाटल्यांपासून सुरुवात केली, शपथेवर आली, देवाच्या दारात जाऊन असले धंदे करतात म्हणून सगळ्या डब्याला सांगितलं. तिच्या तोंडावर रंग आला होता. कुर्डुवाडीला तिनं स्वतःहून चहा मागितला. दाजी मान खाली घालून "व्हय, चुकलं" म्हणत होते. बोलून बोलून ती दमली आणि मोहोळच्या अलीकडे तिचा डोळा लागला.

दाजी सरकून माझ्या कानाशी आले. "मास्तर, घरी गेल्यावर ती किती घालवलं म्हणून इचारंल. दोगांनी एकच आकडा सांगाया पायजे."

मी म्हटलं, पाच रुपये सांगू, उगाच जास्त कशाला.

दाजींनी झोपलेल्या अक्काकडे बघितलं. तिचा हात ट्रंकेवर होता.

"पाचानं काय हुतंय," ते म्हणाले. "पन्नास सांग. तिला जरा हलकं वाटंल."